सहा जोड विकले, पाच ठेवले: कोकणात इंजिनियर बूट घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर गुहागरजवळ, समुद्र हाकेच्या अंतरावर. वय २६, रोज बुलेटवरून चिपळूणला नोकरीला जाणं-येणं. दुबईतल्या मावसभावाने रेड विंग या अमेरिकन कंपनीचे वापरलेले काळे २२६८ इंजिनियर बूट शोधून दिलेत, आत ‘पीटी ९१’ असा शिक्का आहे, ‘म्हणजे १९९१ चे’. दुसरा पर्याय कानपूरला बनलेल्या त्याच घडणीच्या नव्या बुटांचा, किंमत निम्म्याहून कमी. तिसरा विचार पैसे साठवून अमेरिकेतून पायाच्या मापाचे करून मागवण्याचा. ‘काका, यातले कुठले घेऊ? पुढेमागे चार-पाच जोड जमवायचेत, तर सुरुवात कुठून करू?’

मी ३१ वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली, आता मालवणात घरी असतो. एके काळी माझ्याकडे ११ जोड होते, आज ५ आहेत. ते सहा का गेले यात तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, तेव्हा त्याच वाटेने येतो. काका म्हणालास म्हणून अरेतुरे करतोय.

आधी नावाचा घोळ मिटवू. इथला इंजिनियर म्हणजे बी.ई. झालेला नव्हे. अमेरिकेत रेल्वेचं इंजिन हाकणाऱ्याला इंजिनियर म्हणतात, आपल्याकडचा लोको पायलट. विस्कॉन्सिनमधल्या चिपेवा कंपनीने १९३७ च्या सुमारास घोडेस्वारीच्या इंग्रजी बुटाचा घाट घेऊन हा बूट काढला, ओरेगॉनच्या वेस्कोने पाठोपाठ १९३९ च्या आसपास. मग दुसरं महायुद्ध आलं. पोर्टलंडच्या गोद्यांत लिबर्टी जहाजं रात्रंदिवस बांधली जात होती आणि तिथल्या वेल्डरांनी हे बूट उचलून धरले. कारण साधं, याला नाडी नाही. वेल्डिंगची ठिणगी नाडीत अडकते, जिभेच्या फटीतून आत शिरते. या बुटाला फटच नाही. सरळ अकरा इंची नळी, पायाच्या वळणावर एक पट्टा, वर काठाशी दुसरा. वरचा आवळला की निखारा आत पडत नाही, आणि पडलाच तर बूट एका झटक्यात उपटून फेकता येतो. मोटारसायकलवाले या बुटाकडे वळले ते मुख्यतः युद्धानंतर.

ही पाठ्यपुस्तकातली माहिती झाली. माझी गोष्ट २००९ च्या जूनपासून सुरू होते.

रजेवर घरी आलो होतो. चार वर्षांपूर्वी परदेशात घेऊन खोक्यात जपून ठेवलेला एक जोड काढला. पायात एकदाही घातला नव्हता, कातडं नवं कोरं, वासही नवा. तो घालून मुंबईला जायला कुडाळ स्टेशनवर गेलो. फलाटावर चालता चालता पाय जरा मऊ पडतोय असं वाटलं. मागे वळून पाहिलं तर जिन्यापासून माझ्यापर्यंत काळ्या चुऱ्याची रांग. ओलं बिस्कीट चहात गळावं तसा सोल गळत होता. गाडी येईपर्यंत उजव्या पायाला सोल उरला नव्हता, ठाण्यापर्यंत डाव्यालाही नाही. मुंबईत उतरलो तो जवळजवळ मोज्यांवर.

तो सोल पॉलियुरेथेनचा होता, ज्याला बाजारात पीयू म्हणतात. हवेतल्या दमटपणाने त्याची साखळीच तुटत जाते. वापरा नाहीतर खोक्यात ठेवा, काही वर्षांत तो भुगा होतो, आणि आपल्या हवेत लवकर होतो. कातडं अजून वीस वर्षं गेलं असतं. त्या दिवसापासून बूट बघायची माझी पद्धत उलटी झाली. कातडं कुठल्या कारखान्याचं हे सगळेच विचारतात. आपल्या किनाऱ्यावर आधी विचारायचं ते हे, की वरचं कातडं खालच्या सोलला कशाने धरलंय आणि दोघांच्या मधे न दिसणारं काय काय भरलंय. हापूस रंगावर घेत नाहीत, देठाशी नाक नेतात, तसं.

तर तुलना खालून वर करू.

सोल रबराचा हवा, नैसर्गिक किंवा नायट्राइल म्हणजे कृत्रिम. व्हिब्रम या इटालियन कंपनीचे खोल खाचांचे सोल चांगलेच, पण चिऱ्याच्या पायरीवर चिखल त्या खाचांत बसतो आणि मग बूट घसरतो. बुलेटवाल्याला मी बारीक खाचांचा सोल सुचवीन. जुन्या अमेरिकन बुटांना कॉर्ड सोल असायचा, म्हणजे रबरात दोऱ्यांचे तुकडे मिसळलेला, तेलकट जमिनीवर पकड घेणारा. इंजिन रूमच्या पत्र्यावर त्याच्यासारखा सोल मी दुसरा पाहिला नाही. नुसत्या कातड्याचा सोल मात्र आपल्याकडे नको. शेवाळलेल्या चिऱ्यावर एकदा पाय गेला की कातडी सोलची ऐट कमरेला कळते.

मग जोडणी. चिकटवलेला बूट संग्रहासाठी घेऊच नये, त्यावर जास्त लिहीत नाही. शिवलेल्यात दोन मोठे प्रकार. गुडइयर वेल्टमध्ये बुटाच्या कडेने कातड्याची पट्टी फिरवतात. ती वरच्या कातड्याला आणि आतल्या तळव्याच्या कण्याला शिवतात, आणि सोल पुन्हा त्या पट्टीला वेगळा शिवतात. सोल झिजला की तेवढीच शिवण उसवून नवा लावता येतो. (हे यंत्र एकोणिसाव्या शतकातल्या धाकट्या गुडइयरच्या नावावर आहे, टायरच्या कंपनीशी त्याचा संबंध नाही. प्रत्येकजण हे विचारतो म्हणून सांगून टाकलं.) दुसरा प्रकार स्टिचडाउन. यात वरचं कातडंच बाहेरच्या बाजूला दुमडून खालच्या थराला शिवतात. दिसायला रांगडं, उघडायला सोपं.

गुडइयर वेल्टमध्ये एक ग्यानबाची मेख आहे. तो आतला कणा बहुतेक कारखान्यांत तळव्याच्या कातड्यातून कोरलेला नसतो, कापडाची एक पट्टी सरसाने चिकटवलेली असते. कोरड्या देशात ती पन्नास वर्षं बसते. माझ्या एका जोडात तिसऱ्या पावसाळ्यात ती सुटली. बाहेरून शिवण शाबूत, सोल शाबूत, पण चालताना आत चपातीसारखं काहीतरी सरकतंय असं वाटायचं. सहांपैकी तो पहिला गेला. त्यामुळे किनाऱ्यावरच्या माणसाने, दोन्ही समोर असतील तर, हाताने वेल्ट घातलेला नाहीतर स्टिचडाउन घ्यावा. वेल्टचा यंत्रावरचा जोड वाईट असतो असं नाही, माझ्या पाचात दोन तसेच आहेत. फक्त ते भिजवायचे नाहीत.

टाचेला आतून जे कडक असतं ते बाहेरून अंगठ्याने दाबून बघ. जाड कातड्याचं असेल तर दबतं आणि हळूच परत येतं. पुठ्ठ्याचं असेल तर खट् असा आवाज येतो. पुठ्ठा पावसाळ्यात लापशी होतो, टाच बसते आणि मग बूट कुणाचा बाप उभा करू शकत नाही.

खिळे बघ. पितळेचे असतील तर उत्तम. लोखंडी खिळे आणि झाडाच्या सालीने कमावलेलं कातडं यांचं आपल्या हवेत सख्य नाही. हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा तुकडा टाकला की काळी शाई होते ना, तेच बुटाच्या आत घडतं. खिळ्याभोवती कातडं काळं पडतं, मग ठिसूळ होतं, मग खिळ्यासकट निघून येतं. वापरलेला जोड घेताना आतला तळवा उचलून टाचेत टॉर्च मार. खिळ्यांभोवती काळी वर्तुळं असतील तर विकणारा कितीही गोड बोलो, पुढे चल. बक्कलही पितळेचं किंवा स्टेनलेसचं बरं. पितळेला तेलकट कातड्याशी हिरवट मेणासारखा थर धरतो, तो काडीने काढता येतो. मुलामा दिलेल्या लोखंडाचा गंज मात्र पट्ट्याचं कातडं खातो.

आता कातड्याकडे येऊ, कारण तुझी उत्सुकता तिथेच असणार.

आपल्याला उदाहरण शोधायला लांब जायला नको. कोल्हापुरी चप्पल बाभळीच्या सालीने, हिरड्याने कमावलेल्या कातड्याची. कोरडी असताना पायाला बसते, रंग धरते, सुंदर म्हातारी होते. पावसात भिजून उन्हात वाळली की पापड. झाडपाल्याने कमावलेलं कातडं भिजलेलं असताना तापलं तर आकसतं. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं त्या मानाने खूप सोसतं, पण त्याला ते म्हातारपणाचं तेज तसं येत नाही. शिकागोच्या हॉर्वीन कारखान्याचं क्रोमएक्सेल प्रसिद्ध झालं ते या दोघांच्या मधलं म्हणून. आधी क्रोम, मग झाडांचे अर्क, वर तेल आणि मेण मुरवलेलं. एकेक कातडं तयार व्हायला महिनाभर लागतो. दाबलं की रंग फिकट होऊन परत भरतो. कोकणात ते बरं टिकतं, फक्त त्यातल्या तेलावर बुरशीचाही तितकाच जीव.

जपान्यांचं वेड वेगळंच आहे. कोबेला जहाज लागलं की मी जवळच्या हिमेजीचं नाव हमखास ऐकायचो, कातडं कमावण्याचं जुनं गाव ते. तिथल्या शिंकी कारखान्याचं घोड्याचं कातडं या बुटांत फार मानतात. जपानी मंडळींना आवडतं ते ‘चाशिन’, म्हणजे चहाचा गाभा. कातडं आतून तपकिरी, वरून काळा थर. वर्षभर घातलं की घड्यांवर, टाचेवर, पट्ट्याच्या छिद्राशी काळा रंग झिजतो आणि खालून कोऱ्या चहाचा रंग डोकावतो. कोबेच्या एका दुकानात म्हाताऱ्या मालकाने मला दोन जोड शेजारी ठेवून दाखवले, एक नवा आणि एक त्याने स्वतः बारा वर्षं घातलेला. नवा विकायला होता. जुन्यावर हात ठेवून त्याने मान हलवली, तो विकायचा नव्हता. मी नवा घेतला. आज तो मालवणच्या बाजारात मासे आणायला जाऊन जाऊन जवळपास त्याच रंगाला आलाय.

आपल्याकडच्या बुटांत म्हशीचं कातडं पुष्कळ असतं. जाड, दाणा मोठा, दणकट. त्याला कमी लेखू नकोस. फक्त वरचा थर घासून, रंगाचा पापुद्रा चढवून छापील दाणा उठवलेलं घेऊ नकोस. ओळखायचं कसं? बूट जिथे वाकतो तिथे दोन बोटांनी चिमटीत धरून वाकव. खऱ्या दाण्यात बारीक, एकसारख्या नसलेल्या सुरकुत्या येतात. पापुद्र्यावर एकच मोठी घडी पडते, ओल्या वर्तमानपत्रासारखी. जाडी दोन ते अडीच मिलिमीटर पुरे. त्याहून जाड असलं की फुशारकी मारायला बरं, पण एप्रिलच्या घामात ते कळतं.

माप हा या बुटाचा सगळ्यात अवघड भाग आहे आणि लोक तिथेच फसतात. नाडी नसल्यामुळे सैल बूट आवळायची सोय नाही. पाय धरून ठेवतो तो बुटाचा वळणाचा भाग, पायाच्या वरच्या उंचवट्यावरचा. पाय घालताना तिथे जरा अडायला हवं, मग ‘फक्’ असा आवाज होऊन आत बसायला हवा. सहज सरकला तर मोठा आहे. टाच पहिले काही आठवडे अर्धा बोट वर-खाली होईल, सोल वाकायला लागला की कमी होते, त्याची धास्ती नको. अमेरिकन नंबर आपल्या नंबरापेक्षा साधारण एकाने मोठा असतो, आपला ८ तो त्यांचा ९. त्यातही नाडीच्या बुटापेक्षा अर्धा नंबर लहान घेणारे बरेच आहेत, मीही. शिवाय लहानपणी अनवाणी हुंदडलेल्या आपल्या पायांचा पंजा रुंद आणि टाच अरुंद. म्हणून नुसता नंबर नको, रुंदीचं अक्षरही बघ. डी म्हणजे नेहमीची रुंदी, ई आणि दुहेरी ई म्हणजे वाढती.

करून घेतलेल्या बुटाची चैन मी एकदाच केली. नव्वदच्या दशकात जहाज गहू भरायला पोर्टलंडला लागलं होतं आणि दोन दिवस पावसाने लोडिंग थांबलं. वेस्कोचं गाव स्कॅपूस, नदीच्या काठाने रस्त्याने अर्ध्या तासावर. तिथल्या बाईने मला कागदावर उभं केलं, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पायांची आखणी केली, मग फितीने पंजा, वळण, टाच ते वळण, घोटा, पोटरी. डावा पाय उजव्यापेक्षा जरा मोठा आहे हे मला पस्तिसाव्या वर्षी तिथे कळलं. बूट महिन्यांनी घरी आले. ते पाचात आहेत, तीनदा सोल बदलून.

त्यातला शेवटचा सोल मालवणच्या बाजारातल्या आमच्या चर्मकाराने बदलला. रबराचा तक्ता मुंबईहून, ठक्कर बाप्पा कॉलनीतून मागवला होता. त्याने बूट उलटा धरला, रापीच्या मागच्या टोकाने टाचेवर टकटक केलं, कडेची शिवण नखाने चाचपली आणि म्हणाला, “ह्येका खिळो नको, ह्येका शिवूकच व्हया.” मग दोन दिवस बसून आरीने जुन्याच भोकांतून मेणदोरा ओढला. एकही नवं भोक नाही. नवं भोक पाडलं की पट्टी पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते, हे त्याला कुणी शिकवायला लागलं नाही. शिवणाऱ्याला दाखवूनच बूट घ्यावा असं मी म्हणतो ते यासाठी. तुझ्या चिपळूणच्या बाजारात असा एक माणूस आधी शोध, बूट नंतर.

आता ‘पीटी ९१’. तो बूट १९९१ चाच असेल असं नाही. तो शिक्का बुटाच्या पुढच्या टोकात, बोटांवर असलेल्या पोलादी टोपीच्या अमेरिकन मानकाचा आहे. ‘एएनएसआय झेड ४१’ हे मानक १९८३, १९९१ आणि १९९९ मध्ये सुधारलं गेलं आणि त्या त्या आवृत्तीप्रमाणे पीटी ८३, पीटी ९१, पीटी ९९ असं छापायचे. २००५ मध्ये ते जाऊन ‘एएसटीएम’ या दुसऱ्या संस्थेचं आलं. म्हणजे तुझा जोड नव्वदच्या दशकातला, इतकंच म्हणता येईल. त्याखाली ‘आय ७५ सी ७५’ असं असेल तर ते आघात आणि दाब सोसण्याचे आकडे. जमवणाऱ्यांत या शिक्क्याला मान आहे, विशेषतः जपानात, त्यामुळे किंमत चढी लावतात. पण शिक्का आतल्या कापडावर असतो, पाय बुटात असतो. शिक्का बघून भुलू नकोस.

त्या पोलादी टोपीचं आपल्याकडे काय होतं ते सांगतो. बाहेरून काही दिसत नाही. आत बोटं घालून पुढच्या अस्तरावरून फिरव. अस्तर खरखरीत लागलं, तपकिरी डाग दिसले तर टोपी गंजतेय. गंज फुगतो आणि टोपीच्या मागच्या कडेशी कातडं आतून कापतो. माझा दुसरा जोड असा गेला. शिवाय बुलेटचा गिअर डाव्या पायाने वर उचलताना पोलादी टोपी जाड पडते, गिअरखाली बोटं शिरायला मारामारी. आणखी एक, स्पष्टच सांगतो. हे बूट म्हणजे मोटारसायकलचं संरक्षक पादत्राण नव्हे. घोट्याला त्यात गादी नाही की ढाल नाही.

आणि पावसाळ्यात ते घालूच नयेत. नळी वरून उघडी आहे, बुलेटवर बसलास की पँटवरून ओघळलेलं पाणी थेट आत, मग पायात विहीर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गमबूट. यात कमीपणा काही नाही.

म्हणजे चार महिने हे जोड कपाटात राहणार, आणि खरी परीक्षा तिथेच. माझे उरलेले चार जोड पायात नव्हे, कपाटात मेले.

पहिला शत्रू मीठ. समुद्राजवळ बुटांवर खारा थर बसतोच. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. खारट बूट पावसाळ्यात कधी वाळतच नाही. म्हणून मे महिन्याच्या शेवटी सगळे जोड गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने दोनदा पुसायचे, पाण्यात पांढऱ्या व्हिनेगरचे चार थेंब. मग सावलीत, पंख्याखाली, आत वर्तमानपत्र कोंबून, ते रोज बदलत, चार दिवस. ऊन नको, चूल नको, माळ्यावरच्या पत्र्याखाली तर नकोच.

दुसरा शत्रू आपलं प्रेम. मी एका वर्षी खोबरेल चोपडलं. पुढच्या वर्षी शहाणपण वाढलं म्हणून मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, पातळ करून, मेण मिसळून लावलं. भेगांना चालतं ते कातड्याला का नाही, असा माझा युक्तिवाद. ऑगस्टमध्ये कपाट उघडलं तर दोन जोडांवर पांढरी साय. बायको दारातूनच म्हणाली, “बुटांक त्याल नि डोक्याक टक्कल!” आणि गेली. पांढरं दिसलं की ते बुरशीच असेल असं नाही, हे मला तेव्हा कळलं. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा लांबून मार. विरघळून नाहीसं झालं तर ती आतली चरबी वर आलेली, फडक्याने पुसली की झालं. तसंच राहिलं, वर कुबट वास, तर बुरशी. बुरशी घरात झटकू नये, अंगणात नेऊन ओल्या फडक्याने उचलायची, मग स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसायचं. आधी नळीच्या आतल्या बाजूला लावून रंग जातो का ते बघ. तेल वर्षातून एकदाच, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की, तेही कातडं मागेल तेवढंच. पावसाळ्याच्या तोंडावर तेल लावणं म्हणजे बुरशीला पंगतीला बोलावणं.

कपाटात मी खालच्या खणात जुना तारेचा ४० वॅटचा दिवा ठेवतो, जाळीच्या आड, कातड्यापासून दीड हात लांब. एलईडी नको, तो तापत नाही. यात जादू नाही. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के दमटपणा असताना तीच हवा कपाटात ३२ अंशांवर गेली की दमटपणा साधारण ६७-६८ टक्क्यांवर येतो, आणि सत्तरच्या खाली बुरशीचा जोर ओसरतो. वीज गेली की सगळं मुसळ केरात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळे जोड बाहेर काढून हात फिरवतोच. डांबराच्या गोळ्यांनी झुरळं जातात, बुरशी नाही. आत घालायला लाकडी साचे सावंतवाडीच्या एका सुताराकडून आंब्याच्या लाकडाचे करून घेतले. ‘लाख लावू नका’ हे त्याला तीनदा सांगावं लागलं. खेळणी करणारा हात, तकाकी नसलेली वस्तू द्यायला त्याला लाज वाटत होती. पण लाख लावली की लाकूड ओल शोषत नाही.

आता हिशोब बघ. एक जोड बाहेर काढून, पुसून, वारा देऊन आत ठेवायला दहा मिनिटं. अकरा जोड म्हणजे जवळपास दोन तास, दर रविवारी, चार महिने. मी एक-दोन वर्षं केलं, मग एखादा रविवार चुकला, मग पाहुणे आले, मग गणपती. चार जोडांवर बुरशी इतकी मुरली की कातड्यावर कायमचे ठिपके राहिले. वास काही जाईना. अकरातले सहा गेले ते असे. बिघाड सांगून, मिळेल त्या भावाला दिले. उरलेल्या पाचांना दर रविवारी पाऊण तास लागतो आणि कोरड्या महिन्यांत प्रत्येकाची पाळी आठवड्याभरात पायात येते. पुण्याचा माणूस वीस जोड ठेवू शकेल. आपल्याकडे जोड किती ते खिसा ठरवत नाही, आषाढ ठरवतो.

तेव्हा तुझ्यासाठी क्रम असा. कानपूरचे आधी घे, पण डोळे उघडे ठेवून. सोल रबराचा आहे, शिवण खरी आहे (कडेला नुसता शिवणीचा देखावाही असतो, सोलच्या खालच्या बाजूला दोरा दिसला पाहिजे), टाचेत पुठ्ठा नाही, कातडं छापील नाही, एवढं जमलं तर ते बूट शिकायला उत्तम. एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक पावसाळा धरून, ते सांभाळ. पुढच्या नोव्हेंबरात ते बिनवासाचे बाहेर आले तर दुसरा जोड घ्यायला तू तयार आहेस. करून घेतलेल्या बुटाची घाई नको. सव्विसाव्या वर्षीचा पाय आणि पोटरी पस्तिशीत तशीच राहील असं नाही.

रेड विंगला नाही म्हणत नाही. मावसभावाला पाच फोटो काढायला सांग. टाचेतल्या खिळ्यांचा, टॉर्च मारून. टोपीमागच्या कातड्याचा, जवळून. बूट वाकवल्यावर घडीचा, तिथे केसाएवढ्या भेगा दिसल्या तर कातडं आतून वाळलंय, त्यावर तेल काही करू शकत नाही. सोल आणि पट्टी यांच्या सांध्याचा, चारी बाजूंनी. आणि आतल्या शिक्क्याचा, रुंदीच्या अक्षरासकट. तुझ्या पायाची आखणी संध्याकाळी काढ, दिवसभर उभा राहिल्यावर, मोजे घालून, पेन्सिल सरळ धरून. दोन्ही पायांची. ते कागद आणि फोटो मला पाठव, मग बोलू.